यूबी-14 (जर्मन किनारी पाणबुडी)

यूबी-14 : पहिल्या महायुद्धातील जर्मन शाही नौदलाची ‘यूबी-1’ या वर्गातील लहान किनारी पाणबुडी. एड्रियाटिक, इजियन, मार्मारा आणि काळा समुद्र या चार जलक्षेत्रांत तिने कामगिरी केली. इटलीची आमाल्फी ही चिलखती क्रूझर, रॉयल एडवर्ड हे ब्रिटिश सैन्यवाहू जहाज आणि ई-20 ही ब्रिटिश पाणबुडी तिने बुडवली. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नोंदवहीत ती काही काळ यू-26 या क्रमांकाने दाखल होती. जर्मनीचीच यू-14 आणि बाल्टिकमध्ये पाल्लादा ही रशियन क्रूझर बुडवणारी जर्मन यू-26 या दोन्ही वेगळ्या पाणबुड्या होत. दुय्यम ग्रंथांत या तिघींची गल्लत झालेली अधूनमधून आढळते.

बांधणी : 1914 च्या शरद ऋतूत फ्लँडर्सचा किनारा जर्मनीच्या हाती आला. तेथून वापरता येईल, चार महिन्यांच्या आत तयार होईल आणि सुटे भाग करून रेल्वेने नेता येईल, अशा नौकेची गरज त्यातून पुढे आली. या वर्गातील यूबी-1 ते 8 कीलच्या गेर्मानियाव्हेर्फ्ट गोदीत, तर यूबी-9 ते 17 ब्रेमेनच्या वेझर गोदीत झाल्या. ऑक्टोबर 1914 मध्ये मागणी नोंदवलेली यूबी-14 दुसऱ्या गटातली. दोन गटांची मापे सारखी नसतात, हे ध्यानात ठेवावे लागते. अनेक कोष्टकांत 28.10 मी. लांबी सरसकट सगळ्या वर्गाला लावलेली दिसते. ती कीलच्या नौकांची आहे. वेझरच्या नौकांची लांबी सुमारे 27.88 मी. व रुंदी 3.15 मी. होती. विस्थापन पृष्ठभागावर 127 टन, पाण्याखाली 141 टन. 60 अश्वशक्तीचे एक डिझेल एंजिन, 120 अश्वशक्तीची विद्युत् मोटर आणि नौका ढकलणारा एकच पंखा. वेग पृष्ठभागावर सुमारे साडेसात नॉट, बुडीत सव्वासहा. पाण्याखाली चार नॉटने गेल्यास 45 सागरी मैलांत विद्युत्‌घट संपत. पुढील बाजूस 45 सेंमी. व्यासाच्या दोन नळ्या, तेवढेच दोन पाणतीर (टॉर्पेडो), एक मशिनगन आणि चौदा माणसे, एवढाच संभार. पाणतीर सुटताच हलके झालेले नाक पाण्याबाहेर डोकावू पाही. ते खाली ठेवण्यासाठी खलाशांना पुढच्या टोकाकडे पळवत, असे सांगितले जाते. ही अडचण सगळ्या वर्गाचीच होती.

ब्रेमेनहून तिचे भाग आगगाडीने ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पोला (सध्याचे पुला, क्रोएशिया) येथील नौदल तळावर गेले व तेथे जोडण्यात आले. जलावतरण आणि सेवाप्रवेश हे दोन्ही मार्च 1915 मधले मानले जातात. मात्र जुळवणी व चाचण्यांना लागणारा वेळ पाहता, सेवाप्रवेशाची कागदोपत्री तारीख म्हणजे ती लढण्यास सिद्ध झाल्याची तारीख नव्हे. प्रत्यक्ष युद्धफेरी जुलैपूर्वीची धरता येत नाही.

आमाल्फी आणि ध्वजाचा प्रश्न : पहिला नामांकित कप्तान हाइनो फॉन हाइम्बुर्ग (1889–1945) याने जूनमध्येच यूबी-15 मधून इटलीची मेदूसा ही पाणबुडी बुडवली होती. 7 जुलै 1915 रोजी पहाटे व्हेनिसजवळ त्याने यूबी-14 मधून आमाल्फी टिपली. क्रूझर सुमारे दहा हजार टनांची, म्हणजे हल्लेखोर नौकेच्या जवळजवळ ऐंशीपट. मृतांचा आकडा कोठे 67, तर कोठे 72 असा येतो.

खरा वाद श्रेयाचा आहे. इटलीने मे 1915 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले. जर्मनीविरुद्ध मात्र 28 ऑगस्ट 1916 पर्यंत नाही. मधल्या पंधरा महिन्यांत जर्मन नौकेने इटालियन युद्धनौका बुडवणे म्हणजे, निदान कागदावर, तटस्थ राष्ट्राने केलेला हल्ला. म्हणून नौका जर्मन, कप्तान जर्मन, खलाशी जर्मन. ध्वज आणि क्रमांक तेवढे ऑस्ट्रियाचे. काही ऑस्ट्रियन याद्या आमाल्फी ‘यू-26’च्या खाती टाकतात आणि ध्वज हाच कायदेशीर निकष धरल्यास ते चुकीचे ठरत नाही. तथापि नौकेची मालकी आणि आज्ञासाखळी बर्लिनकडेच राहिली असल्याने यूबी-14 ही नोंद अधिक सयुक्तिक वाटते. यूबी-1 व यूबी-15 यांची गोष्ट वेगळी. त्या खरोखरच ऑस्ट्रिया-हंगेरीला मिळाल्या आणि यू-10 व यू-11 झाल्या.

इजियन समुद्र : जुलैच्या मध्यास तिला कॉन्स्टँटिनोपलकडे (इस्तंबूल) धाडण्यात आले. एवढ्या लांब पल्ल्याला इंधन पुरेसे नसल्याने सुरुवातीचा प्रवास ऑस्ट्रियन विनाशिकेच्या दोरावर झाला. वाटेत एंजिन व घूर्णी होकायंत्र बिघडले आणि ती बोद्रुमजवळ अडकली. दुरुस्तीचे कारागीर कॉन्स्टँटिनोपलहून रेल्वेने आणि पुढे उंटांवरून आल्याचे सांगतात.

13 ऑगस्ट रोजी तिने अलेक्झांड्रियाहून लेम्नोस बेटावरील मुद्रोस बंदराकडे निघालेले रॉयल एडवर्ड कांदेलियुसा बेटाजवळ बुडवले. त्यापूर्वी समोरून आलेले सूदान हे इस्पितळ-जहाज तिने जाऊ दिले होते. तेच मागे वळून बचावास आले. रॉयल एडवर्ड सहा मिनिटांत गेले. मृतांच्या संख्येवर एकमत नाही. 935 हा आकडा सर्वाधिक प्रचलित; एक हजार तीनशेच्या वरचेही आकडे छापले गेले आहेत. जहाजावर 1,367 सैनिक व 220 खलाशी होते आणि सूदानने 440, तर फ्रेंच विनाशिका व मासेमारी नौकांनी 221 जण वाचवले, ही नोंद मान्य केल्यास उरतात 926. त्यामुळे 935 च्या आसपासचा आकडाच ग्राह्य धरावा. मोठे आकडे या बेरीज-वजाबाकीत बसत नाहीत. 2 सप्टेंबरला ऑस्ट्रेलियन सैनिक नेणाऱ्या साउथलँडवरही पाणतीर लागला. सुमारे 40 जण दगावले, पण स्वयंसेवकांनी भट्ट्या पेटत्या ठेवून जहाज मुद्रोसला पोहोचवले.

मार्मारा समुद्र : 4 सप्टेंबर 1915 रोजी ब्रिटिश ई-7 दार्दानेल्समधील नागाराच्या जाळ्यात अडकली. हाइम्बुर्गने होडीतून जाऊन शिशाच्या ओळंब्याने तिचा ठाव घेतला व हाताने सुरुंग सोडला, ही कथा प्रसिद्ध आहे. तिचे बारकावे मुख्यतः त्याच्याच पुढील सांगण्यावर उभे आहेत. ई-7 शरण आली व तिचे खलाशी कैद झाले, हे मात्र निर्विवाद. त्यानंतरच्या घटनेला कागदाचा आधार अधिक आहे. 30 ऑक्टोबरला तुर्कांनी फ्रेंच पाणबुडी तुर्क्वाझ धरली. तिच्यावरील कागदपत्रांत ई-20 शी ठरलेल्या भेटीचे ठिकाण मिळाले. त्या भेटीला यूबी-14 गेली आणि ई-20 बुडाली. नऊ जण वाचले. तारीख कोठे 5, कोठे 6 नोव्हेंबर दिली जाते.

काळा समुद्र व अखेर : पुढे ती कॉन्स्टँटिनोपल पथकातून मुख्यतः काळ्या समुद्रात वावरली. तेथे मोठी शिकार क्वचितच होती. याच वर्गातील यूबी-8 जर्मनीने 1916 मध्ये बल्गेरियाला विकली. यूबी-14 जर्मन सेवेतच राहिली. हाइम्बुर्गला 1917 मध्ये ‘पूर ल मेरीत’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला, पण तोवर तो दुसऱ्या नौकांवर गेला होता. युद्ध थांबल्यावर नोव्हेंबर 1918 मध्ये सेव्हास्टोपोल येथे यूबी-14 निःशस्त्र करण्यात आली. 1919 च्या आरंभी ती त्या बंदराबाहेर बुडवली, असे सामान्यतः मानले जाते.