गेम बनवायला पुण्या-मुंबईचा महागडा कोर्सच लागतो?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बारावीनंतर हमखास ऐकू येतं: गेम डेव्हलपर व्हायचं तर पुण्या-मुंबईचा लाखोंचा ‘गेमिंग’ कोर्सच हवा. हे खरं नाही. प्रोग्रामिंगकडे जायचं असेल तर जवळच्या कॉलेजातलं बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंग पुरतं. अभ्यासक्रमात सी++ ही प्रोग्रामिंगची भाषा, डेटा स्ट्रक्चर्स (माहिती नीट मांडून ठेवायच्या पद्धती) आणि व्हेक्टर-मॅट्रिक्सचं गणित आहे ना, तेवढं आधी बघा. चित्रकलेकडे ओढा असेल तर वाट वेगळी. तिथे ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरवर हात बसायला हवा.

गोडो (ज्यात गेम बांधतात ते सॉफ्टवेअर, म्हणजे गेम इंजिन) आणि ब्लेंडर दोन्ही फुकट आहेत. गोडो तर साध्या लॅपटॉपवरही चालतं.

नवशिक्यांची एक चूक ठरलेली. पात्र दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर दर वेळी नवं चित्र उमटताना, 5 पिक्सेल सरकवतात. सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या स्क्रीनवर ते सेकंदाला 300 पिक्सेल जातं, 120 च्या स्क्रीनवर 600! म्हणून वेग दर सेकंदाचा लिहायचा, 300 पिक्सेल, आणि त्याला ‘डेल्टा’ने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, गुणायचं. हे स्वतः करून चुकल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

कोर्स घ्यायचाच असेल तर फी भरण्याआधी तिथल्या मुलांनी पूर्ण केलेले गेम मागा, खेळून बघा. नुसतं सर्टिफिकेट दाखवत असतील तर पैसे भरू नका.