खोक्यावरचे आकडे आणि कानांचा कौल

स्पीकरच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा वॅटचा असतो आणि निवडीच्या कामी तोच सर्वांत कमी उपयोगी पडतो. स्पीकर किती शक्ती झेलू शकतो, एवढेच तो सांगतो. तो किती मोठ्याने वाजेल हे त्याच्या संवेदनशीलतेवर, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो यावर ठरते. ८५ डेसिबलच्या स्पीकरकडून ८८ डेसिबलवाल्याइतका आवाज हवा असेल, तर दुप्पट शक्ती पुरवावी लागते. ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचे, हजारांतले आकडे तर सरळ सोडून द्यावेत. स्पीकर किती खालच्या स्वरापासून किती वरच्या स्वरापर्यंत वाजतो हे सांगणाऱ्या ‘५० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ या ओळीलाही, त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे सोबत दिल्याशिवाय, फारसा अर्थ नाही.

म्हणून मोजमापच निरर्थक ठरते असे मुळीच नाही. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात स्पीकर पडद्याआड ठेवून आणि आवाजाची पातळी समान राखून श्रोत्यांची पसंती नोंदवली. ज्या स्पीकरचा आलेख, म्हणजे कोणत्या कंप्रतेला किती आवाज मिळतो याचे चित्र, समोरून सपाट आणि बाजूंनीही सुरळीत होता, त्यांनाच बहुतेकांनी कौल दिला. बाजूचा आवाज महत्त्वाचा, कारण खोलीत आपण भिंतींवरून परतलेला आवाजही ऐकत असतो. पुढे १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवले की स्पीकर डोळ्यांसमोर असले की त्याच श्रोत्यांचे गुण बदलतात. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो: कान विश्वासार्ह आहेत, पण डोळे त्यांच्या कामात ढवळाढवळ करतात.

दुकानात तुलना करताना दोन्ही स्पीकरचा आवाज आधी समान करून घ्यावा, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच सरस भासतो; मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे अ‍ॅप तेवढ्यापुरते चालते. तानपुऱ्याच्या साथीतले गायन लावावे. आलेखात वरच्या कंप्रतांना उंचवटा असलेल्या स्पीकरवर जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांची झणझण, टोचू लागते आणि ‘स’चा सीत्कार वाढतो.

खर्जाचा निर्णय मात्र दुकानात होत नाही. चार मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झला ध्वनिलहरी भिंतींमध्ये अडकून घुमतात, आणि कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरमधून डग्गा फुगून येतो. स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढला तरी फरक ऐकू येतो. त्यामुळे घरी ऐकून परत करण्याची मुभा देणारा दुकानदार मिळाला, तर मी थोडे अधिक पैसेही मोजीन.