क्रूझवरचा पहिला दिवस : नागपूरहून जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग झालं की आमच्या ऑफिसात बसल्याबसल्या जवळपास प्रत्येकजण विचारतो, "भाऊ, ते सगळं ठीक आहे पण तिथं पोचल्यावर नेमकं करायचं काय?" आपल्या इकडच्या बऱ्याच लोकांनी समुद्र पाहिलेला असतो तो चौपाटीवरून, जहाजात राहायची वेळ पहिल्यांदाच येते, आणि आमचा अनुभव असा आहे की ट्रिप बिघडते ती पहिल्याच दिवशी, तीही साध्या साध्या गोष्टींनी. म्हणून हे माहितीपत्रक. निघायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा वाचा, आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना वाचून दाखवा.

आधी मुंबईला पोचायचं बोलू. जहाज मुंबई बंदरातून सुटते, बॅलार्ड पियरच्या भागातून, सीएसएमटी स्टेशनपासून टॅक्सीने अगदी जवळ. दुरांतो रात्री नागपूरहून निघते आणि सकाळी आठच्या आसपास सीएसएमटीला लागते, त्यामुळे लोक म्हणतात की दुपारचं बोर्डिंग आहे तर त्याच दिवशी सकाळी उतरू, एका हॉटेलचा खर्च वाचेल. कागदावर हे बरोबर आहे. पण गाडी चारपाच तास लेट झाली, मधे कुठे ब्लॉक लागला, तर पुढं काय? जहाज थांबत नाही. गेट बंद व्हायची वेळ ठरलेली असते, ती सुटायच्या वेळेच्या बरीच आधीची असते आणि एकदा प्रवाशांची यादी बंद झाली की पैसेही परत मिळत नाहीत. आमचा आग्रह आहे की एक दिवस आधी जा. समृद्धीने गाडी घेऊन जाणाऱ्यांनाही हेच, ७०१ किलोमीटरचा रस्ता आता ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत सलग झाला आहे खरा पण आमण्यापासून पुढं दक्षिण मुंबईत शिरायला किती वेळ लागेल ते कोणीच सांगू शकत नाही. आणि रात्रभर प्रवास करून थेट जहाजावर चढलेला माणूस संध्याकाळी डेकवर नसतो, केबिनमधे झोपलेला असतो.

हाताशी ठेवायची छोटी बॅग

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे बरं का. बंदरावर मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात, त्यावर केबिन नंबरचा टॅग लावतात, एक्स-रेमधून काढतात आणि मग त्या केबिनच्या दारात येतात, पण लगेच नाही, कधी तीनचार तासही लागतात. तेवढ्या वेळात तुमच्याकडे जे हातात आहे तेच. पहिल्या एका ग्रुपला घेऊन गेलो तेव्हा एका काकूंच्या शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या आणि जेवायची वेळ झाली तरी बॅग आली नव्हती, त्या दिवशी आम्ही जेवढं घाबरलो तेवढं नंतर कधी नाही. चूक आमचीच होती, आम्ही आधी सांगायला पाहिजे होतं. तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो की औषधं, चष्मा, ओरिजिनल ओळखपत्र, चार्जर, एक जोडी कपडे, लेकरांचं खाणं (घरचं नाही, विकतचं) आणि पोहायचे कपडे छोट्या बॅगेत. पोहायचे कपडे यासाठी की पहिल्या दुपारी स्विमिंग पूल रिकामा असतो, दुसऱ्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते.

इस्त्री, इलेक्ट्रिक केटल, मेणबत्ती, उदबत्ती, बाहेरची दारू हे काही चालत नाही, बॅगेत सापडलं की काढून ठेवतात. आग ही जहाजावरची सगळ्यात मोठी भीती, त्यामुळे यात कोणाची विनवणी चालत नाही. घरी बनवलेलं खाणंही चढू देत नाहीत, चिवडा, ठेचा, पोळ्या घेऊन जाऊ नका, वाया जाईल आणि मन दुखेल. सावजीची सवय असलेल्या जिभेला तिथलं जेवण पहिल्या दिवशी थोडं फिक्कं लागते, पण व्हेज, नॉनव्हेज, जैन सगळं मिळते, कोणी उपाशी राहत नाही.

चढल्यावर तुम्हाला एक कार्ड मिळते. तेच केबिनची चावी, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, सगळं त्या कार्डावर चढते आणि शेवटी बिल येते. साधं जेवण, शो, पूल हे तिकिटात असते, पण दारू, स्पा, वायफाय, किनाऱ्यावरच्या टूर हे वेगळं. पोरांच्या हातात कार्ड देताना हे त्यांना नीट समजावून सांगा, कारण कार्ड दाखवलं की काउंटरवाला वस्तू देतो आणि पोराला वाटते फुकट आहे.

दुपारी एकदोन वाजता बुफेत खूप गर्दी होते कारण चढलेला प्रत्येकजण सरळ तिथंच जातो. थोडं थांबा, आधी जहाज पाहून घ्या. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस जहाज उदाहरणाला घ्या, १९९० साली फ्रान्समधे बांधलेलं, २११ मीटर लांब, म्हणजे दुरांतोचे नऊ डबे एकामागे एक लावल्यावर होतील तेवढं, आणि वर अकरा डेक, म्हणजे मजले. पहिल्या तासात हमखास रस्ता चुकतो. आपली लिफ्ट पुढची का मागची, आपली केबिन डाव्या बाजूला का उजव्या, एवढं पाठ झालं की पुढचे दिवस सोपे जातात. केबिन लहान असते, नागपुरातल्या आपल्या घराच्या खोल्यांसारखी अपेक्षा ठेवू नका, आणि टॉयलेट विमानासारखं हवेने ओढणारं असते, त्यात पाण्याचा कागदी ग्लास, पॅड, वाइप्स काहीही टाकू नका, आजूबाजूच्या केबिनींचंही बंद पडू शकते.

सेफ्टी ड्रिल चुकवू नका

जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना बोलावतात, लाइफ जॅकेट कसं घालायचं, तुमची जमायची जागा कोणती, सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की काय करायचं हे सांगतात. लोकांना कंटाळा येतो, कोणी केबिनमधे लपून बसते, आपलेही काही लोक करतात. कृपया करू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं मोठं क्रूझ जहाज खडकाला लागून कलंडलं आणि ३२ लोक गेले. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती, कारण तेव्हा नियम असा होता की चढल्यापासून २४ तासांच्या आत कधीही घेतली तरी चालते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्यासुटल्या घ्यावीच लागते. म्हणजे ही जी अर्धा तासाची कटकट वाटते ती बत्तीस माणसं गेल्यावर आलेली आहे. लेकरांना आणि म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या, जमायची जागा त्यांना स्वतः चालत दाखवा, रात्री लाइट गेले तर तिथं कसं जाल हे एकदा डोक्यात बसू द्या.

मळमळीबद्दल. डोळ्यांना केबिनची भिंत स्थिर दिसते आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो की आपण हलून राहिलो, या दोघांचं जमत नाही म्हणून पोट ढवळते. म्हणून मळमळायला लागलं की केबिनमधे पडून मोबाईल पाहणं हे सगळ्यात वाईट. बाहेर डेकवर या, जिथं आभाळ आणि पाणी मिळते त्या रेषेकडे पाहत उभे राहा, आल्याचा तुकडा किंवा आलेपाक चघळा. गोळी घ्यायची असेल तर मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, नंतर पोटात टिकत नाही, आणि तिने झोप येते, म्हणून बीपी, शुगर, प्रोस्टेटवाल्यांनी आपल्या डॉक्टरला नागपुरातच विचारून ठेवा. फार त्रास होणाऱ्यांसाठी आम्ही खालच्या डेकवरची, जहाजाच्या मधोमधची केबिन मागतो, तिथं हलणं कमी जाणवते. बाल्कनीवाली वरची केबिन दिसायला छान पण डोलते ती जास्त.

आता ज्यासाठी एवढं सगळं, ती संध्याकाळ. जहाज सुटताना केबिनमधे राहू नका, सगळ्यात वरच्या उघड्या डेकवर जा. बंदराचा पायलट जहाजावर आलेला असतो, तो कॅप्टनला बाहेर पडायचा रस्ता दाखवतो, आणि बाहेर आल्यावर चालत्या जहाजाच्या कडेने दोरीच्या शिडीवरून खाली छोट्या बोटीत उतरतो, हे पाहायला लेकरांना नक्की घेऊन जा. उजव्या हाताला गेटवे, मग कुलाबा, मग समुद्रात एकटा उभा असलेला प्रॉंग्सचा दीपगृह, १८७५ सालचा. अंधार पडता पडता डाव्या बाजूला दूर खांदेरीचा दिवा दिसतो का पाहा. शिवाजी महाराजांनी १६७९ मधे इंग्रज आणि सिद्दीशी भांडत जो किल्ला बांधला तो हाच, आणि २०२५ मधे युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तोही आहे. पुस्तकात वाचलेलं आरमार म्हणजे काय होतं ते तिथं वाऱ्यात उभं राहिल्यावर वेगळंच कळते, आम्हाला दर वेळी अंगावर काटा येतो.

घरी फोन करायचा असेल तर तो जहाज सुटायच्या आधीच करून घ्या. थोड्या वेळाने रेंज जाते, आणि मग मोबाईल स्वतःहून जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडू पाहतो, त्याचं बिल फार मोठं येऊ शकते, म्हणून सुटल्यावर फ्लाइट मोड लावून टाका, घड्याळ आणि कॅमेरा तसाही चालतो.

रात्रीच्या जेवणाची वेळ, शोची सीट आणि दुसऱ्या दिवशीची टूर हे पहिल्याच दुपारी काउंटरवर जाऊन नक्की करा, रात्रीपर्यंत चांगल्या वेळा संपलेल्या राहतात. वेब चेक-इन आम्ही आमच्या ऑफिसातून करून देतो, त्यासाठी सगळ्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि फोटो निघायच्या दहा दिवस आधी आणून द्या, लक्षद्वीपवाल्यांनी त्याहून आधी, कारण तिथं परमिट लागते. नाव आधारवर जसं आहे तसंच तिकिटावर आहे का ते झेरॉक्स देतानाच आमच्यासमोर तपासून घ्या.