टिश्यू कल्चरच्या रोपाची पेशी: लावणीआधी एवढं वाचा

आमच्याकडून ऊस आणि केळीची रोपं नेणारे बहुतेक शेतकरी निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि बेळगाव तालुक्यातले. रोपं नेताना दोन प्रश्न हमखास येतात. बी नाही, डोळा नाही, मग रोप झालं कशातून? आणि हे जीएम, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेलं, तर नव्हे ना? दोन्हींचं उत्तर पेशीत आहे.

रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाच्या पातळ कापात पेशी पाहिल्या, पण ते मेलेल्या पेशींचे रिकामे कप्पे होते. जिवंत पेशी आतून गजबजलेली असते. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून सेल्युलोजची टणक पेशीभित्तिका आणि तिला आतून लागून पातळ पेशीपटल असतं. काय आत घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं, हे पटल ठरवतं. आतल्या पेशीद्रव्यात केंद्रक आणि केंद्रकात गुणसूत्रं, म्हणजे झाडाचे गुणधर्म साठवणारे धागे. जी-नाइन जातीच्या केळीच्या पेशीत ती ३३ असतात, म्हणजे ११ चे तीन संच. त्या केळ्यात बी न धरण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

पेशी पानाची असो वा खोडाची, अख्खं झाड घडवण्याची माहिती तिच्या केंद्रकात असते. एका पेशीपासून पूर्ण रोप होऊ शकेल, हा विचार हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडला. पुढे १९५८ मध्ये स्टुअर्ड यांनी गाजराच्या पेशींपासून रोपं वाढवून दाखवली.

आम्ही निरोगी उसाच्या शेंड्यातलं वाढीचं बारीक टोक घेतो आणि बाटलीत पोषक माध्यमावर त्याची रोपं वाढवतो; हेच टिश्यू कल्चर. तिथल्या पेशी लहान आणि सतत विभागणाऱ्या. अन्नरस वाहून नेणाऱ्या नळ्या तिथवर अजून पोचलेल्या नसतात, त्यामुळे रोगाचे जंतूही सहसा तिथे नसतात. गवताळ वाढीसारखा रोग बेण्याबरोबर एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. ती साखळी इथे तुटते. यात बाहेरचं जनुक आम्ही कुठेच घालत नाही, म्हणून हे जीएम नव्हे. मात्र एकाच टोकापासून फार फेऱ्या रोपं वाढवत गेलं, तर गुणसूत्रांत आपोआप बदल होऊ शकतात. त्यामुळे ठरावीक फेऱ्यांनंतर आम्ही नव्या टोकापासून सुरुवात करतो. रोपं कुणाकडूनही घ्या, ही गोष्ट जरूर विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पहिले काही आठवडे.

बाटलीत रोपाला साखर आयती मिळते, लिटरला साधारण ३० ग्रॅम. पेशीतल्या तंतुकणिका त्या साखरेतून ऊर्जा काढतात. हरितलवकं असतात, पण उन्हातून स्वतःचं अन्न करायची सवय त्यांना झालेली नसते. बाटलीतली हवा दमट, म्हणून पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो आणि पर्णरंध्रंही (पानावरची बारीक छिद्रं) नीट मिटत नाहीत. असं रोप थेट अथणीकडच्या उन्हात नेलं तर पाणी झपाट्याने उडून जातं. म्हणून ते आधी पॉलिहाऊसमध्ये, मग शेडनेटखाली सरावतं. नवी, जाड पानं फुटेपर्यंत कितीही घाई असली तरी आम्ही रोप देत नाही.

मोठ्या झालेल्या पेशीत रिक्तिका नावाची पाण्याची पिशवी असते. ती पेशीची ८० ते ९० टक्के जागा व्यापू शकते. ती भरलेली असली की पान ताठ, पाणी गेलं की पान मान टाकतं. मुळाशी युरियाचा ढीग पडला तर हेच होतं: कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर पाणी सुटतं, तसं बाहेरच्या खारट पाण्याकडे पेशीतलं पाणी ओढलं जातं. पटल आक्रसतं, मूळ करपतं. म्हणून लावण संध्याकाळी करा, लगेच हलकं पाणी द्या, वाफसा सांभाळा. मुळं धरेपर्यंत रासायनिक खत नको. नंतर ड्रिपमधून थोडं थोडं द्या. खानापूरकडच्या पावसात उलट अडचण होते. पाणी साचलं की मुळांच्या पेशींना हवा मिळत नाही आणि ऊर्जा तयार होणं मंदावतं. तिथे चर आधी काढा.

उसाची पहिली लावण बेणे मळ्यासाठीच ठेवा. फुटवे भरपूर आणि बारीक येतात, त्याने घाबरू नका. पुढच्या लावणीला ते बेणं चालतं.

केळीत एखादं रोप बुटकं राहिलं, पानं वर गुच्छासारखी आखूड येऊ लागली, तर पर्णगुच्छ या माव्यामुळे पसरणाऱ्या रोगाची शंका घ्या. मावा मारून ते रोप गड्ड्यासकट काढा, त्याचे मुनवे दुसरीकडे लावू नका. ट्रेवर मराठी आणि कन्नडमध्ये बॅच क्रमांक छापलेला आहे. फोटोबरोबर तो कळवा. कोणत्या मातृरोपापासून ती बॅच झाली, याची नोंद आमच्या वहीत असते.