सोलापूरच्या माळावरचे पाझर तलाव

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबर उचलतो. इथल्या पाझर तलावांच्या, म्हणजे ओढ्याचे पाणी अडवून जमिनीत मुरवणाऱ्या तलावांच्या, मातीच्या बांधांचे दुखणे याच वेळापत्रकात आहे. उन्हाळ्यात तलाव आटतो, बांधातली काळी माती वाळून भेगाळते. जून-जुलैच्या भुरभुर पावसाने भेगा वरवर बुजल्यासारख्या दिसतात, आत तशाच राहतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरच्या एखाद्या रात्री ओढा फुगतो आणि तलाव सकाळपर्यंत काठोकाठ भरतो. माती भिजून फुगायला, भेगा मिटायला वेळच मिळत नाही. सतत पावसाच्या मुलखात बांध महिनाभर भिजत भिजत भरतो. इथे त्याला कोरड्या अंगाने पाणी झेलावे लागते.

पाणी अडवण्याची परंपरा इथे जुनी आहे. शहराच्या मधोमध असलेला तलाव बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने ओळखला जातो. ब्रिटिश काळातले मोठे काम म्हणजे आदिला नदीवरचा एकरुख तलाव, लोकांच्या तोंडी हिप्परगा तलाव. १८७१ मध्ये पूर्ण झालेला हा बांध सुमारे २,३६० मीटर लांब आणि साडेएकवीस मीटर उंच आहे. साठा सुमारे ६१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे दोन टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) थोडा वर. त्यातून कालवे निघाले आणि पुढे शहरालाही पाणी मिळाले. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला. मोहोळ तालुक्यातल्या आष्टी तलावासारख्या कामांवर भुकेल्या लोकांना मजुरी मिळाली आणि दुष्काळ पडला की मातीकाम काढायचे, ही रीत पडली.

गावोगावच्या पाझर तलावांच्या छोट्या बांधांचा काळ मात्र १९७२ च्या दुष्काळानंतरचा. मिलो (परदेशी लाल ज्वारी) आणि सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीने डोक्यावरून पाट्या वाहून हे बांध घातले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यायचे आणि खर्चातला निदान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर करायचा, ही योजनेची चौकट. उपाशी माणसाच्या हातात पैसा जावा म्हणून ती योग्यच होती. तिचा परिणाम मात्र बांधांवर स्पष्ट दिसतो. माती भरणे हे मजुरीचे काम, म्हणून भराव झाला. दगडी अस्तर, रोलर, सांडव्याची (जादा पाणी सोडून देणाऱ्या वाटेची) पक्की भिंत ही सामान-यंत्रांची कामे, म्हणून तिथे हात आखडला. अनेक सांडवे मुरमात नुसता चर काढून सोडलेले आहेत, ते यामुळे.

पाझर तलावाला कालवा नसतो, विमोचक (पाणी सोडायची झडप) नसतो. ओढ्याचे पाणी अडवायचे, तळातल्या मुरमातून आणि फुटक्या खडकातून मुरू द्यायचे, आणि खालच्या अंगाच्या विहिरींतून वर काढायचे, एवढेच त्याचे काम. हिशेब सोपा आहे. एक चौरस किलोमीटर पाणलोटातून ५० मिलिमीटर पाणी वाहून आले तर ५० हजार घनमीटर, म्हणजे पाच कोटी लिटर होते. उन्हाळ्यात एक हेक्टर पाण्यावरून दिवसाला एक सेंटिमीटर बाष्पीभवन झाले, तर रोज एक लाख लिटर उडून जाते. म्हणून पाझर तलावात मे महिन्यापर्यंत पाणी दिसणे ही कौतुकाची गोष्ट नाही. पाणी हिवाळ्यातच जमिनीत उतरायला हवे होते. ते वर थांबले असेल, तर तळावर चिकण गाळ बसला आहे किंवा खाली अखंड काळा पाषाण आहे.

तलाव पाझराचाच आहे, तेव्हा बांधाखालून पाणी गेले म्हणून काय बिघडले, हा समज फार घातक आहे. पाणी तळातून मुरावे, बांधाच्या पायातून मुळीच जाऊ नये. त्यासाठी बांधाच्या लांबीभर, मधोमध, पाया-खंदक खोदतात. सुटी माती आणि पोकळ मुरूम काढून घट्ट थराला भिडायचे आणि खंदक चिकण मातीने भरायचा. तीच माती बांधाच्या पोटात गाभा म्हणून वर चढते. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड भराव असतो, कारण नुसती काळी माती उघड्यावर राहिली तर भेगाळते. पाण्याकडचा उतार साधारण अडीचास एक (अडीच मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढ), बाहेरचा दोनास एक. पाण्याकडे दगडी अस्तर, बाहेरच्या पायथ्याशी, तरीही झिरपलेले थोडे पाणी बाहेर काढायला, दगडाचा पाझर-पट्टा.

भराव वीसेक सेंटिमीटरच्या थरांत करायचा, ढेकळे फोडायची, पाणी शिंपडायचे, रोलर फिरवायचा. ओल बरोबर आहे का हे मुठीत कळते. माती दाबली की गोळा व्हावा, कमरेएवढ्या उंचीवरून टाकला की तुकडे व्हावेत. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा बसला तर जास्त. दुष्काळी कामांवर रोलर आणि पाणी दोन्ही दुर्मीळ. धुम्मस मारून कोरडी माती जेवढी बसली तेवढी बसली. असा भराव पुढच्या वर्षांत खचतो आणि बांधाचा माथा मधेच खोलगट होतो. नेमका मधला भाग सर्वांत उंच, म्हणून सर्वांत जास्त खचणारा. पूर माथ्यावरून गेला तर तिथूनच जातो, आणि मातीच्या बांधावरून वाहिलेले पाणी थोड्या वेळात भगदाड पाडते.

तरी बांध फुटण्याचे मोठे कारण सांडव्यात असते. समजा सांडवा २० मीटर रुंद आहे आणि त्यावरून एक मीटर उंचीने पाणी जाईल असे धरले आहे. सेकंदाला साधारण ३४ घनमीटर पाणी निघून जाते. आता जास्त पाणी साठावे म्हणून कुणी उंबऱ्यावर दगड आणि वाळूची पोती रचून तो ३० सेंटिमीटर उंच केला. पाण्याची पातळी माथ्याकडे तेवढीच ठेवायची, तर सांडव्यावरून आता ७० सेंटिमीटरच पाणी जाऊ शकते, आणि निचरा २० घनमीटरवर येतो. फूटभर चढवलेल्या उंबऱ्याने पुराची वाट चाळीस टक्क्यांनी अरुंद होते. सांडव्याच्या चरात वेडी बाभूळ माजली किंवा कुणी तिथे पेरणी केली, तरी परिणाम तोच. १४ ऑक्टोबर २०२० च्या सुमारास जिल्ह्यात झालेली अतिवृष्टी तलाव आधीच भरलेले असताना आली होती. अशा वेळी सारी भिस्त सांडव्यावर असते.

बाहेरच्या पायथ्याला ओल दिसली की पाण्याचा रंग पाहायचा. स्वच्छ पाझर असेल तर खूण करून रोज लक्ष ठेवायचे. गढूळ पाणी म्हणजे बांधाची माती आतून वाहून चालली आहे. अशा जागी चिखल थापून भोक बुजवू नये. आतला दाब वाढतो आणि पाणी शेजारून फुटते. त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड असा भार टाकायचा, म्हणजे पाणी येते पण माती अडते, आणि तोवर तलावाची पातळी उतरवायची. घुशी आणि खेकड्यांच्या बिळांतूनही अशीच वाट तयार होते. बांधावरची मोठी झाडे नुसती तोडून भागत नाही. बुंधा कुजला की मुळांच्या जागी नळी राहते. तलाव कोरडा असताना मुळांसकट खणून तो खड्डा थराथराने ठोकून भरावा लागतो.

एवढी देखभाल कुणी करायची, हा प्रश्न पहिल्यापासून अधांतरी आहे. शंभर हेक्टरपर्यंतच्या सिंचनक्षमतेची कामे जिल्हा परिषदेकडे आणि त्यावरची राज्याच्या खात्यांकडे, अशी विभागणी चालत आली. बांधण्याला दुष्काळ निधी देतो. बाभळी काढायला देत नाही.

गाळ काढण्याकडे मात्र २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेपासून चांगले लक्ष गेले. एक ब्रास (शंभर घनफूट) गाळ निघाला की सुमारे २,८३० लिटरची जागा होते, शिवाय माळरानाला माती मिळते. सावधगिरी दोन ठिकाणी. बांधाच्या पायथ्यालगतचा पट्टा खरवडायचा नाही, नाहीतर उताराचा आधार जातो. आणि गाळ संपून मुरूम लागला की थांबायचे. मुरूम विकायला म्हणून खड्डे खोल करत गेले की पाणी बांधाच्या पायाखाली वाट शोधते.

आता एकरुख उपसा सिंचन योजनेसारख्या कामांतून उजनी धरणाचे पाणी जुन्या तलावांपर्यंत आणले जात आहे. पावसाची सर आवरता येत नाही, पंप मात्र आवरता येतो. वर्षभर कोरड्या राहिलेल्या बांधात असे पाणी सोडायचे, तर पातळी टप्प्याटप्प्याने चढवावी, प्रत्येक टप्प्यावर काही दिवस थांबावे आणि बाहेरचा पायथा चालून पाहावा, म्हणजे पुढचे पाणी येण्याआधी काळ्या मातीच्या भेगा भिजून मिटतात.