आभासी खेळपटावरील नकाशासाधने

एकाच टेबलाभोवती बसून, कथेतील पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचे रोलप्लेइंग खेळ आंतरजालावर खेळले जातात, तेव्हा सर्वांसमोर एकच पट दिसावा यासाठी आभासी खेळपट वापरतात. त्यावर अंथरायचे नकाशे तयार करणाऱ्या प्रणालींना नकाशासाधने म्हणता येईल. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात कथा चालवणारा सूत्रधार आलेखाच्या कागदावर भुयारे आखत असे. पुढे फँटसी ग्राउंड्स (२००४), रोल२० (२०१२) आणि फाउंड्री (२०२०) या खेळपटांमुळे तो कागद पडद्यावर आला, पण चौकोनांची जाळी कायम राहिली.

या जाळीतच पहिली अडचण असते. रोल२०मध्ये एक चौकोन मुळात ७० पिक्सेलांचा, तर फाउंड्रीमध्ये १०० पिक्सेलांचा धरलेला असतो. चित्रातील चौकोन आणि पटावरील चौकोन यांत एका पिक्सेलाचाही फरक राहिला, तर चाळिसाव्या चौकोनापर्यंत तो ४० पिक्सेलांवर जातो, म्हणजे ७० पिक्सेलांच्या जाळीत अर्ध्या चौकोनाहून अधिक होतो, आणि दालनाच्या मध्यभागी ठेवलेली खेळाडूच्या पात्राची सोंगटी भिंतीत उभी दिसते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. चित्रातील भिंत माणसाला भिंत दिसते, संगणकाला मात्र ते केवळ रंगाचे ठिपके असतात. सोंगटीला कोठवर दिसेल हे ठरवण्यासाठी भिंतींवरून रेषाखंड आखावे लागतात. सोंगटीच्या जागेपासून निघणारी दृष्टी त्या खंडांवर अडते आणि पलीकडचा भाग अंधारात राहतो. खिडकीतून दिसते पण जाता येत नाही, पडद्यातून जाता येते पण दिसत नाही, म्हणून प्रत्येक रेषेचा गुणधर्मही नोंदवावा लागतो. वेड्यावाकड्या गुहेसाठी हे काम हाताने करणे अतिशय कंटाळवाणे असते, आणि सूत्रधाराचा कथेसाठी राखलेला वेळ त्यातच जातो.

म्हणून नकाशा अधिक सुबक करण्यापेक्षा, काढतानाच उमगलेली माहिती त्याच्यासोबत जपणे ही खरी सुधारणा होय. डंजनड्राफ्टसारखी साधने ज्या सामाईक धाटणीत (फॉरमॅटमध्ये) नकाशा निर्यात करतात, तिच्या एकाच फाइलीत चित्र, भिंती, दारे आणि दिवे असतात. त्यांची स्थाने पिक्सेलांत नव्हे, तर चौकोनांत नोंदलेली असल्यामुळे चित्र लहानमोठे केले तरी भिंती जागच्या हलत नाहीत. मजल्यांचा प्रश्न मात्र याने सुटत नाही, कारण सज्जा आणि त्याखालचे दालन सपाट पटावर एकाच चौकोनात येतात.