व्हिडिओ गेममधील कणखर स्त्री-पात्रे

ज्या गेमची कथा स्त्रीच्या निर्णयांवर पुढे सरकते, त्यातील नायिकेला किंवा प्रमुख पात्राला कणखर स्त्री-पात्र म्हणतात. हातातली तलवार किंवा बंदूक ही अशा पात्राची खूण मानली जाते, पण ती पुरेशी नाही. तिला लढण्यामागे स्वतःचे कारण हवे, आणि खेळणाऱ्याला काही काळ तिच्या जागी उभे राहून विचार करावा लागायला हवा. ही कसोटी लावली की नावाजलेली बरीच पात्रे गळून पडतात आणि काही अनपेक्षित पात्रे वर येतात.

सुरुवातीच्या खेळांत बाई बहुधा अडकलेलीच असे. ‘डाँकी काँग’मध्ये (१९८१) वानराने पळवलेली पॉलीन होती, तर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये (१९८५) शेवटच्या किल्ल्यात कोंडलेली राजकन्या. टीव्हीला डबा जोडून, कॅसेट घालून मारिओ खेळलेल्या पिढीला ही राजकन्या चांगली आठवत असेल. ती स्वतः मात्र काहीच करत नसे. ‘मिस पॅकमॅन’ने (१९८२) बाईला पडद्याच्या मध्यभागी आणले, तेही रिबन आणि लिपस्टिक लावून. खरे वळण निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘मेट्रॉइड’ने (१९८६) घेतले. चिलखतातला योद्धा सॅमस ॲरन हा पुरुष आहे, असेच सगळे धरून चालत. सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेतही त्याचा उल्लेख पुल्लिंगीच होता. ठरावीक वेळेच्या आत खेळ संपवला, की शिरस्त्राण उतरे आणि आत बाई दिसे. पण आणखी लवकर संपवणाऱ्याला बक्षीस म्हणून तिचे कमी कपड्यांतले रूप दाखवले जाई. पराक्रम मान्य करायचा आणि लगेच देह नजरेपुढे मांडायचा, ही सवय या माध्यमाला पुढे फार काळ चिकटून राहिली.

मराठवाड्यात हे जग मुख्यतः नव्वदच्या दशकात पोहोचले, ते नाणे टाकून खेळायच्या मशिनींमधून. ‘मुस्तफावाला गेम’ म्हणून ओळखला जाणारा खेळ म्हणजे कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ (१९९३). त्यातल्या चार पात्रांपैकी एक हॅना डंडी. मूळ कॉमिकमध्ये ती मुत्सद्दी आहे, आणि खेळात हत्यारे हाताळण्यात ती सरस. तरीही गेम ओळखला गेला तो त्यातल्याच मुस्तफा या पुरुष-पात्राच्या नावाने. ‘स्ट्रीट फायटर २’मधील (१९९१) चुन-ली जास्त लक्षात राहिली. वडिलांच्या खुनाचा छडा लावणारी ही इंटरपोलची अधिकारी चपळ लाथांनी धिप्पाड पुरुषांना लोळवत असे. ही मशिने ज्या दुकानांत होती, तिथे मात्र मुलींची पावले क्वचितच वळत. चुन-लीला जिंकवणारे हात बहुतेक मुलांचेच होते.

सर्वांत प्रसिद्ध नाव लारा क्रॉफ्ट हिचे. ‘टूम रेडर’ (१९९६) इंग्लंडमधल्या डर्बी शहरातील कोअर डिझाइन या कंपनीने काढला आणि टोबी गार्ड यांनी लाराला घडवले. ती पुरातत्त्वज्ञ, विदुषी, धाडसी. जाहिरातींनी मात्र तिच्या शरीराचेच भांडवल केले. २०१३ च्या नव्या अवतारात (मुख्य लेखिका ऱ्हिआना प्रॅचेट) ती तरुण आहे, घाबरते, जखमी होते आणि त्यातूनच शिकते. हा बदल निव्वळ कपड्यांचा नव्हता. आता तिच्या वेदनेला कथेत जागा मिळाली.

त्यानंतरची उत्तम पात्रे याच वाटेने गेली. ‘हेलब्लेड’मधील (२०१७) सेनुआच्या डोक्यात सतत आवाज घुमतात. तिचा मनोविकार खरा वाटावा म्हणून निन्जा थिअरी या कंपनीने केंब्रिजचे प्राध्यापक पॉल फ्लेचर आणि तसा आजार अनुभवलेली माणसे यांची मदत घेतली. ‘होरायझन झिरो डॉन’ची (२०१७) एलॉय टोळीबाहेर टाकलेली पोर आहे. ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागातील (२०२०) ॲबीच्या पिळदार दंडांवर अनेक खेळाडू चिडले, बाई अशी दिसत नाही म्हणाले. बीड किंवा लातूरच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीसाठी आठशे मीटर धावणाऱ्या, गोळाफेकीचा सराव करणाऱ्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा आक्षेप पटणार नाही.

मराठी वाचकाला दोन खेळ विशेष जवळचे वाटतील. ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ (२०१७) पश्चिम घाटात घडतो. भारतीय वडिलांची मुलगी क्लोई फ्रेझर आणि दक्षिण आफ्रिकेची नादीन रॉस या दोघी गणेशाच्या सुळ्याच्या शोधात होयसळांच्या अवशेषांतून फिरतात. देवगिरीच्या यादवांशी वारंवार लढलेले ते हेच होयसळ. कथेचा भार दोन बायकांच्या अविश्वासातून फुललेल्या मैत्रीवर आहे.

दुसरा खेळ ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०), पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. राजी ही कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवून नेलेला धाकटा भाऊ गोलू याला शोधायला ती निघते, आणि दुर्गा तिला त्रिशूळ देते. राजी खांबावर चढते, भिंतीवरून उलटी झेप घेते. आठवडी बाजारात दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर पाहिलेल्या माणसाला हे अंग ओळखीचे वाटेल. मराठवाड्यात तर देवीच शस्त्र धरून उभी आहे: तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनी आहे आणि वेरूळच्या कैलास लेण्यात हेच युद्ध दगडात कोरले आहे. राजीचे मोठेपण मात्र वरदानात नाही. ती बहीण आहे, घाबरलेली आहे आणि तरी थांबत नाही, ही या खेळाची खरी ताकद.

आज खेळ मोबाईलवर आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर या गोळीबाराच्या खेळांवर भारतात बंदी आली, तरी बीजीएमआय (पब्जीची भारतीय आवृत्ती) आणि फ्री फायर मॅक्स यांमुळे खेळणे चालूच राहिले. फ्री फायरमधली केली ही धावपटू वेगासाठी निवडली जाते. मुलेही ती बिनदिक्कत घेतात. स्त्री-पात्र निवडण्यात कमीपणा वाटत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण अशा सामन्यांत पात्राला जवळजवळ कथाच नसते, म्हणून तिचे बाईपण पोशाखापुरते उरते. दुसरी अडचण खेळणाऱ्यांची आहे. शिवीगाळ आणि नको ती विचारपूस टाळण्यासाठी अनेक मुली माइक बंद ठेवतात किंवा मुलाच्या नावाने खेळतात.

मराठवाड्याच्या मातीतून अशी नायिका घडवायची, तर सामग्री भरपूर आहे. अन्नपाणी जपत तग धरण्याचे खेळ जगभर लोकप्रिय आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यातली घरची बाई रोज हेच हिशेब करत होती: टँकर कधी येणार, किती हंडे मिळणार, आधी जनावरांना पाजायचे की म्हाताऱ्यांना. ऊसतोडीला गेलेली बाई कोपीत लेकरू निजवून पहाटे फडात उतरते आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरते. या नायिकांना शस्त्राची गरज नाही. आणि शस्त्र धरलेलीच हवी असेल, तर हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढलेल्या जालना जिल्ह्यातल्या दगडाबाई शेळके आहेत.